खालची सही

नगर कार्यालयाच्या काचेपलीकडून शॅननने पेन्सिलीचं टोक तारखेवर टेकवलं आणि तिथंच ठेवलं. तिची नखं जांभळी रंगवलेली होती आणि एका नखाचा रंग उडाला होता, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्यापलीकडचं दिसायला जरा वेळ लागला. "डेकरबाई," ती म्हणाली, "ही खालची सही तुमचीच ना?" माझीच होती. एकतीस वर्षं मी ती सही टॅनर फॉल्सच्या हायस्कुलात रोज पन्नासदा केली आहे, ती दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही. "आणि ही तारीख?" एक जून. "मग वरच्या सह्यांना सात जून, एकोणीस जून, पाच जुलै, अशा तारखा कशा?" मी म्हटलं, कशा म्हणजे, त्या त्या दिवशी घेतल्या म्हणून. ती गप्प बसली. शाळेत असतानाही ती अशीच गप्प बसायची, समोरच्याला आपणहून कळेपर्यंत. मग तिने पेन्सिलीने खालचा बारीक छापलेला मजकूर दाखवला, जो मला तोंडपाठ होता, जो मी वाचनालयाच्या तळघरात सह्या गोळा करणाऱ्या बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता: वरील प्रत्येक सही माझ्यासमोर झाली आहे. "एक जूनला तुम्ही हे लिहून दिलंत, बाई. एक जूनला या सह्या वर नव्हत्याच. म्हणजे एक जूननंतरच्या सगळ्या गेल्या. मला घेताच येत नाहीत." भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बारा कागद, एकशे अठरा सह्या, त्यातल्या सात एक जूनच्या. उरलेल्या एकशे अकरा तिने माझ्याकडे सरकवल्या.

नगर कार्यालयात उन्हाळ्यात कायम जास्तच गारठा असतो. मी बाकावर बसले आणि दंडावर काटा आला, तो गारठ्याचा की कशाचा ते मला ठरवता येईना. मला राग आला होता, पण रागाला बसायला जागा मिळत नव्हती. शॅननवर रागवावं तर ती बरोबर होती. कायद्यावर रागवावं तर तो मीच सगळ्यांना शिकवला होता: शाई निळी किंवा काळी, पत्ता पूर्ण, तारीख त्याच दिवसाची, नवरा-बायकोने एकमेकांच्या सह्या करायच्या नाहीत. आणि मी काय केलं? एक जूनला रविवारी चर्चहून आले, कॉफी ठेवली, बारा कोरे कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरले आणि बाराही कागदांवर खाली सही करून तारीख टाकून मोकळी झाले, कारण दारात उभं राहून पुन्हा खाली लिहीत बसायला नको, माणसं खोळंबायला नकोत. हजेरीच्या खिडकीत मी हेच करायचे. सकाळी साडेसातला, मुलं यायच्या आधी, उशिराच्या चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक सही करून ठेवायचे. आठ वाजता धापा टाकत आलेल्या पोरांसाठी नुसतं नाव आणि वेळ लिहिली की चिठ्ठी फाडून हातात. माझ्या खिडकीशी कधी रांग लागली नाही, निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकांनी एवढी एकच गोष्ट माझ्याबद्दल सांगितली. ही शॅनन ओल्शेव्स्की आठवड्यातून तीनदा उशिरा यायची, आईची रात्रपाळी असायची म्हणून धाकट्या भावंडांना हीच बसवर सोडून यायची. माझ्या कोऱ्या सह्यांची शंभरेक पानं तरी त्या पोरीने नेली असतील. आता ती काचेपलीकडे बसून माझी सही घेत नव्हती.

शेजारी लेलंड प्रूइट गुडघा चोळत बसला होता. ही मोहीम त्याची. ओतीव लोखंडाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला, पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी सोडलेला, सगळ्या गावाला आपला दोस्त समजणारा माणूस. गेल्या सप्टेंबरात वाचनालयात त्याने सभा बोलावली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते आणि त्याला वाटलं होतं की मी विरोध करायला आले आहे. त्याचा मुद्दा साधा होता. शहराच्या हद्दीत एखाद्या सज्ञान माणसाच्या खिशात मुठीत मावेल एवढा गांजा सापडला तर तो गुन्हा धरू नये, एवढा एकच प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापायचा आणि लोकांना हो की नाही विचारायचं. त्यासाठी शहरातल्या पाचशे मतदारांच्या सह्या हव्यात, आज मंगळवारी चारच्या आत. शुक्रवारी आम्ही पाचशे नव्वद देऊन आलो होतो आणि लेलंडने पायऱ्यांवर उभं राहून मला कोन आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. त्यातल्या एकतीस हद्दीबाहेरच्या निघाल्या, तेवढं आम्ही धरूनच चाललो होतो. माझ्या एकशे अकरा धरल्या नव्हत्या. "बावन्न कमी पडतात," मी म्हटलं. लेलंड माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हेडक्लार्क, मी तीन लग्नं केली, तिन्ही वेळा कागद न वाचता सही ठोकली. तू निदान वाचून ठोकलीस." त्याचे स्वतःचे कागद बिनचूक होते. आळशी माणूस, खालची सही करायला दर वेळी आठवडाभर टाळाटाळ करायचा, मी मागे लागल्यावर माझ्याच स्वयंपाकघरात करायचा. मी म्हटलं, "ऊठ. दोन तास आहेत." "एक तास पंचेचाळीस," तो म्हणाला आणि उठला.

वॉटर स्ट्रीटवरच्या मोठ्या किराणा दुकानाच्या आवारात मंगळवारी दुपारी कोण असणार? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका आणि कामावरून पळून आलेले दोन-चार. डांबर तापून मऊ झालं होतं आणि गाड्यांवरून ऊन डोळ्यात जात होतं. लेलंड कणसांच्या ढिगाशी उभा राहिला, मी ढकलगाड्यांच्या रांगेशी. मी पॅड छातीशी धरलं आणि पहिल्याच बाईला विचारलं, "शहरात राहता का?" "हो तर, टॅनर फॉल्समध्येच." "पाणी नळाचं की विहिरीचं?" "विहिरीचं. का हो?" मी म्हटलं, काही नाही, आभारी आहे. ही आमच्या गावाची जुनी खोड आहे. पत्ता टॅनर फॉल्स, पोस्ट टॅनर फॉल्स, पोरं टॅनर फॉल्सच्या शाळेत, पण ओक रस्ता ओलांडला की सगळी माणसं टाउनशिपात, म्हणजे हद्दीबाहेरच्या वेगळ्या पंचायतीत मोडतात आणि त्यांतल्या निम्म्यांना ते मरेपर्यंत कळत नाही. पाण्याचं विचारलं की नक्की कळतं, शहराचा नळ हद्दीपलीकडे जात नाही. दोन महिने मी घराघरांतून पाण्याची चौकशी करत हिंडले, लोकांना वाटत असेल ही बाई फिल्टर विकते. दुसरा एक जण म्हणाला, सही देतो, पण बायकोला सांगू नका. तिसरी म्हणाली, मी प्रार्थना करून ठरवीन. मी म्हटलं, चारच्या आत ठरवा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. अर्धा तास गेला आणि नऊ सह्या झाल्या.

मला गांजाचा वास आवडत नाही. हे मी दारोदार सांगितलं, विचारलं नाही तरी सांगितलं, जणू ते सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून बाकीचं बोलणं शोभणार नाही. फर्न गल्लीतला एक म्हातारा, पोर्चमध्ये झोक्यावर बसलेला, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला होता, "तू कॉरिनची आई ना? हे मंजूर झालं तर तुझ्या मुलीला काय मिळणार?" मी पायरीवर उभी होते. खरं उत्तर होतं, काही नाही. जे होऊन गेलं ते या कागदाने पुसलं जात नाही, लेलंडने मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, माहीत आहे. म्हाताऱ्याला मात्र मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या मुलीला मिळेल." छान उत्तर होतं. त्याने सही दिली. तिथून निघाले आणि कोपऱ्यावर येऊन गाडीत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते उत्तर मी आठवडाभर आधीच तयार करून ठेवलं होतं आणि ते खोटं होतं. मला दुसऱ्या कुणाच्या मुलीशी काही देणंघेणं नव्हतं. मला नोव्हेंबरमध्ये ती मतपत्रिका छापून हवी होती, ती हातात घेऊन घरी यायचं होतं आणि टेबलावर कॉरिनसमोर ठेवायची होती. त्यानंतर काय, ते मी कधी ठरवलं नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तिचा हिवाळी कोट ड्रायक्लीनला द्यायला काढला आणि खिसे तपासले. मी खिसे तपासणारी बाई आहे. चिमूटभर गांजा होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. कॉरिन एकोणीस वर्षांची होती आणि सप्टेंबरपासून तिला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, ते पत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. मी तिच्याशी बोलू शकले असते. ती वरच्या मजल्यावर केस वाळवत होती, ड्रायरचा आवाज येत होता, मी जिन्याच्या तीन पायऱ्या चढले आणि खाली आले. मी राल्फ टेस्मरला फोन केला. राल्फ आमच्या शाळेवर नेमलेला पोलीस, माझ्या खिडकीशी उभं राहून कॉफी प्यायचा, पोरांना त्याचा धाक होता. मी म्हटलं, राल्फ, येऊन जरा दम दे तिला, एवढंच. तो म्हणाला, काही काळजी करू नकोस नेल, अशी भीती घालतो की जन्मात हात लावणार नाही. तो आला, टोपी काढून पायपुसण्यावर बूट पुसले, आणि एक छापील कागद पुढे केला. "इथं खाली सही करून ठेव, बाकीचं मी चौकीवर भरतो, नाहीतर तुझी कॉफी गार व्हायची." कागद कोरा होता. मी सही केली. माझ्या हाताला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. नंतर त्याने चौकीवर काय भरलं ते मला न्यायालयात ऐकू आलं: मुलीवर कारवाई व्हावी अशी आईची इच्छा आहे. त्याच्या वरिष्ठाने तो कागद पाहिला होता आणि मग तो राल्फच्या हातातला राहिला नव्हता, असं राल्फ म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. एक रात्र कोठडी, वर्षभर चौकीवर हजेरी, आणि तिच्या नावापुढे गुन्ह्याची कायमची एक ओळ. ऑगस्टमध्ये नर्सिंगवाल्यांचं दुसरं पत्र आलं, ते फ्रिजवर कुणी लावलं नाही. आता कॉरिन चौतीस वर्षांची आहे आणि ओक रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात धुलाईघरात काम करते. चादरी धुते, वाळवते, घड्या घालते आणि दाराशी ठेवते. आतल्या माणसांना हात लावायची तिला परवानगी नाही. न्यायालयात ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी समोर बघत राहिले होते. त्यावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. जेवणखाण, हवापाणी, गाडीचं तेल, सगळं बोललो.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्या कागदावर सोळा नावं होती, तेव्हा राल्फ टेस्मर कणसांची पिशवी घेऊन आला. निवृत्त होऊन त्याचं पोट सुटलं होतं आणि अंगात फुलांचा शर्ट होता. "नेल डेकर," तो म्हणाला, "उन्हात काय विकतेस?" मी पॅड पुढे केलं. मला वाटलं होतं तो हसेल, किंवा चेहरा पाडेल, काहीतरी करेल. त्याने शीर्षकाची ओळ वाचली आणि पेन मागितलं. "होऊन जाऊ दे एकदाचं. आम्हालाही कटकटच होती ती. रात्रभर चिमूटभर पाल्यासाठी चार-चार पानं लिहायची." तो सही करत होता आणि मी त्याच्या मानेकडे बघत होते, तिथं ऊन लागून कातडं लाल झालं होतं. मी म्हटलं, "राल्फ, तुला कॉरिन आठवते?" "कोण कॉरिन?" "माझी मुलगी." "अच्छा, उंच पोरगी. काय करते हल्ली?" मी म्हटलं, वृद्धाश्रमात आहे. "वा," तो म्हणाला, "नर्स व्हायचं होतं ना तिला, झाली म्हण." पॅड हिसकावून घ्यावं, कागद फाडावा, कणसं एक-एक करून त्याला फेकून मारावीत, हे सगळं माझ्या मनात एकदम आलं. आणि त्याच वेळी मी पाहिलं की त्याचा पत्ता हद्दीतला आहे, तारीख बरोबर आहे, अक्षर वाचता येतं. मला सही हवी होती. मी म्हटलं, "आभारी आहे, राल्फ." तो जाताना म्हणाला, "खाली तू अजून सही केली नाहीस बघ, विसरशील." मी म्हटलं, ती शेवटी करायची असते. सतरा.

पावणेचारला लेलंड लंगडत आला. त्याच्याकडे बारा होत्या, त्यातली एक आपल्या कुत्र्याच्या नावाने कुणीतरी केली होती. माझ्याकडे चोवीस. छत्तीस भरतात का पस्तीस, हे आम्ही गाडीत दोनदा मोजलं, जसं काही त्याने फरक पडणार होता. मी माझी खालची सही गाडीच्या बॉनेटवर केली, लेलंडने त्याची, आणि तारखा टाकल्या. नगर कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी दोघांना थांबवलं, एकाने नव्या कागदावर सही दिली, त्याखाली मी तिथंच सही केली, एक टाउनशिपातली निघाली. काचेशी पोचलो तेव्हा चारला चार मिनिटं कमी होती. शॅननने कागद घेतले, मोजले, मतदार यादीशी ताडून बघायला लागली आणि मधेच थांबली. "डेकरबाई, सगळ्या बरोबर धरल्या तरी सोळा कमी पडतात." मी म्हटलं, "मला चार वाजून वीसपर्यंत दे. समोर चर्चच्या आवारात शिवणवर्ग सुटतोय, सगळ्या शहरातल्या बायका आहेत, नळाच्या पाण्याच्या." लेलंड माझ्याकडे बघायला लागला. शॅनन म्हणाली, "तुम्ही मला दर वेळी आत सोडायचात." "सोडायचे." "एक दिवस परत पाठवलं नाहीत. मी त्या चिठ्ठ्या अजून विसरले नाही." "मग?" "चिठ्ठीवर वेळ कुठली लिहायचात?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आठ-दहाला आले तर आठ-दहा लिहायचात. मी रडले तरी आठ-दहाच. हे पण तसंच आहे, बाई. माझी पण सही लागते खाली." तिचे डोळे भरले होते आणि ते मला मुळीच नको होतं, मला कुणीतरी उद्धट कारकून हवा होता, ज्याला मी चार शब्द सुनावले असते. तिने शिक्का मारला, चार वाजून एक मिनिट, अपुरे. बाहेर आल्यावर लेलंड म्हणाला, "पुढच्या वर्षी. सोमवारपासून नव्याने सुरू करू." मी विचारलं, "या पाचशेचं काय?" "त्या शिळ्या झाल्या. सगळ्या पुन्हा घ्यायच्या." मग तो म्हणाला, "तू येशील ना, हेडक्लार्क?" त्याने माझ्या पर्समध्ये एक कोरा कागद घडी करून सरकवला.

घरी येऊन मी त्या एकशे अकरा सह्यांचे कागद बाहेर काढले. सातवा कागद वर आला, कारण मीच तो वर काढला. दोन महिन्यांत मी हजारभर दारं वाजवली असतील, पण जिन्याच्या त्या तीन पायऱ्या चढून कॉरिनला कधी विचारलं नव्हतं की तू सही करशील का. विचारायला तोंडच नव्हतं. आठ जुलैला मी चाळणीत शेंगा निथळत होते, पाठमोरी, आणि पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. वळले तोपर्यंत ती वर गेली होती. नवव्या ओळीवर तिचं नाव होतं, लहान, नीट, पत्ता आमचा. मी चाळणी हातात धरून तशीच उभी राहिले आणि पाणी माझ्या चपलांवर गळलं. इतक्या वर्षांत मला त्या दिवसाएवढं बरं वाटलं नव्हतं. बाकीच्या एकशे दहा गेल्या तर जाऊ देत, असं मी शॅननला सांगू शकले असते का? ही एक घे, बाकीच्या टाक. वेड्यासारखे विचार. पण ती सहीसुद्धा माझ्याच हाताने रद्द झाली होती, करायच्या आधी पाच आठवडे.

साडेपाचला कॉरिन आली. तिच्या हातांना ब्लीचचा वास येतो, कितीही धुतले तरी. तिने टेबलावरचे कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसली. मी सगळं सांगितलं, एक जून, बारा कागद, शॅनन, कणसं. राल्फचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि हातमोज्यांनी उललेली बोटं चोळत होती. मग म्हणाली, "मी सही करताना पाहिलं होतं. खाली तुझी आधीच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, चालत असेल. कागदाचं तुला सगळं कळतं."

ती हे टोचायला म्हणाली नव्हती, तेच मला जास्त लागलं. मी उठले, नळ सोडला, बंद केला. पाठमोरी उभी राहूनच मी म्हटलं, कारण समोर बघून ते माझ्याच्याने झालं नसतं, "राल्फच्या कागदावरही मी आधीच केली होती. कोऱ्या कागदावर. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. कारवाईचं."

"माहीत आहे," कॉरिन म्हणाली.

"कसं?"

"वकिलाने तो मूळ कागदच दाखवला होता. तुझी सही निळ्या शाईत होती, बाकी सगळं काळ्या. आणि शेवटच्या दोन ओळी सहीवर चढत होत्या, जागा पुरली नव्हती म्हणून."

मी वळले. ती टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत होती, चादरींचे जुळवते तसे. "पंधरा वर्षं माहीत आहे तुला? मग एकदा तरी म्हणायचं नाही का, आई, मला माहीत आहे म्हणून?"

"फोन तर तूच केला होतास ना?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, तू सांगशील. मी वाट बघत होते. मग वाट बघायचं विसरले." एवढं बोलून तिने गठ्ठा माझ्याकडे सरकवला, अगदी शॅननने सरकवला होता तसा. ती रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता आणि मी तो ठेवला नाही. मी पर्समधून लेलंडने दिलेला कोरा कागद काढला, घडी उलगडली, हाताने सपाट केला. खालची जागा रिकामी होती. मी पेन तिच्या बाजूला ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "करशील का सही?"

तिने कागद वाचला. वरपासून, बारीक अक्षरातलंसुद्धा, एका एका ओळीवर बोट ठेवून. मग तो माझ्याकडे परत केला. "आज नको," ती म्हणाली. "सोमवारी विचार." आणि हात धुवायला गेली. मी पेनाला टोपण लावलं.